वरचा मजला बांधून विद्यार्थ्यांना भाड्याने द्यावा का?

लातूरहून एका सेवानिवृत्त जिल्हा परिषद शिक्षकांचं पत्र आलं आहे. वय 58. निवृत्तीचे 24 लाख रुपये गेल्या महिन्यात खात्यावर जमा झाले, पेन्शन 38,000. औसा रोडला 1998 साली बांधलेलं स्वतःचं घर आहे. त्यावर 16 लाख घालून चार खोल्या काढायच्या आणि नीटची तयारी करणाऱ्या मुलांना प्रत्येकी 5,500 रुपयांनी द्यायच्या, असा विचार आहे. एजंट म्हणतो, "करारबिरार काही लागत नाही, शंभर-पाचशेच्या बॉण्डवर नोटरी केली की झालं." सरांनी विचारलं आहे, करू का?

सर, पूर्ण 16 लाख त्यात घालू नका. दोन खोल्या काढायला माझी हरकत नाही, पण आधी हिशोब पाहा.

चार खोल्यांचे महिन्याला 22,000, वर्षाचे 2 लाख 64 हजार. सोळा लाखांवर साडेसोळा टक्के. एजंटने तुम्हाला हाच आकडा दाखवला असणार. पण नीटची परीक्षा मे महिन्यात होते. त्या आठवड्यात पोरं गाद्या गुंडाळून गावी जातात आणि नवीन बॅच येईपर्यंत खोल्या कुलूपबंद राहतात. म्हणून भाडं दहा महिन्यांचंच धरा, म्हणजे 2 लाख 20 हजार. त्यातून वाढलेली घरपट्टी, मोटारीचं बिल, झाडलोट, दरवर्षीचा रंग, नळ-फ्लशची दुरुस्ती आणि पाणी. लातूरकराला पाण्याचं मी काय सांगावं! 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली, तेव्हा तुम्ही इथेच होता. आठ-दहा मुलं वर राहिली की उन्हाळ्यात टँकर तुमच्या खिशातून येणार. हे सगळं मी वर्षाला 65,000 धरतो. उरले 1 लाख 55 हजार.

आता हेच 16 लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर 8.2 टक्के दराने वर्षाला 1 लाख 31 हजार 200 मिळतात. फरक जवळजवळ 24,000 चा. महिन्याला दोन हजारांसाठी रात्री अकराला "सर, वर पाणी येईना" हे ऐकायचं, जिने चढायचे, पालकांचे फोन घ्यायचे. शिवाय योजनेतली रक्कम पाच वर्षांनी जशीच्या तशी परत येते, स्लॅबमध्ये गेलेली येत नाही. खोल्यांच्या बाजूनेही एक गोष्ट खरी आहे: भाडं दर दोन-तीन वर्षांनी वाढतं, व्याजाचा दर त्या मुदतीपुरता ठरलेला असतो. म्हणून मी सरसकट नको म्हणत नाही.

माझी मांडणी अशी: साडेआठ लाखांत दोन खोल्या, तीन लाख आजारपणासाठी बँकेत मुदत ठेव, उरलेले साडेबारा लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत. त्याचे दर तिमाहीला 25,625 रुपये येतील. इथे एक घाई मात्र करा. साठीच्या आत ही योजना घ्यायची तर सेवानिवृत्तीचे लाभ मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत पैसे भरावे लागतात. तुमचा एक महिना गेला.

आता नोटरीचं. मीही अकरावी-बारावीला लातुरात खोली करून राहिलो. वडिलांनी तूर विकून डिपॉझिट भरलं होतं. निघताना घरमालकाने ते परत दिलं नाही, आणि आमच्या हातात ना पावती होती ना करार. वडील काही न बोलता एसटी स्टँडवर आले. ते मी विसरलेलो नाही, म्हणून या बाबतीत मी कुणालाच सूट देत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरलेल्या मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा) करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही, ही समजूत आपल्या राज्यात चालत नाही. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, खोटं ठरवायचं काम तुमचं. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणी असेल तर मुदत संपूनही खोली न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं दहा टक्के व्याज यांच्या पाव टक्का, महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. एवढ्यासाठी एजंटचं ऐकू नका.

तुमचे भाडेकरू सोळा-सतरा वर्षांचे असतील. अठराच्या आतल्या मुलाशी केलेल्या कराराला कायद्यात किंमत नाही. करार वडिलांशी किंवा आईशी करा. ऑनलाइन नोंदणीला अंगठा त्यांचाच लागेल, तेव्हा मुलाला सोडायला येतील त्याच दिवशी उरकून घ्या. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही त्याच आठवड्यात द्या.

भाडं थकलं म्हणून लाइट किंवा पाणी तोडायचं नाही. हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि परीक्षेच्या तोंडावर अंधारात बसलेल्या पोराचा विचार करा. वरच्या मजल्याला महावितरणचं वेगळं मीटर घ्या, म्हणजे युनिटच्या दरावरून वादच नको. प्रत्येक भाड्याची पावती द्या. इमारत राहण्याजोगी ठेवणं, गळती काढणं हे मालकाचं काम आहे. खोली पाहायची असेल तर आधी सांगून, योग्य वेळी जा. डिपॉझिट वेगळ्या खात्यात ठेवा. ते पैसे तुमचे नाहीत. दोनच महिन्यांचं डिपॉझिट घेता येतं, असे मेसेज मोबाइलवर फिरतात. ते केंद्राच्या 2021 च्या नमुना कायद्यातलं आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. तरीही तुम्ही एकाच महिन्याचं घ्या, शेतकऱ्याच्या घरातून येतं ते.

प्राप्तिकराची काळजी नको. भरलेली घरपट्टी आणि उरलेल्यातून सरसकट 30 टक्के वजा होतात. टँकर, रंग यांची वेगळी वजावट मिळत नाही. पेन्शन, व्याज, भाडं मिळूनही तुम्ही नव्या पद्धतीत 12 लाखांच्या बरेच खाली आहात, त्यामुळे कर शून्य. विवरणपत्र मात्र भरावंच लागेल, आणि भाडं त्यात दाखवायचं.

बांधकामाआधी दोन गोष्टी. घर किल्लारीच्या भूकंपानंतर पाच वर्षांनी बांधलेलं आहे, पण पाया एका मजल्याचाच असेल तर दुसरा झेपणार नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला कॉलम दाखवा, लेखी अहवाल घ्या. आणि प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे मंजूर आराखड्याशिवाय तुकडे पाडून विकलेला, असेल तर आधी नियमित करून घ्या, मगच महापालिकेत बांधकाम परवानगीला जा. परवानगीशिवाय चढवलेल्या मजल्यात लोकांची लेकरं ठेवू नका.

सोमवारी पोस्टात जा. इंजिनिअरने पाया कच्चा सांगितला तर ते साडेआठ लाखही बांधकामात घालू नका, तीन महिने उलटायच्या आत त्याच योजनेत भरा.