विंचू उतरतो, फुणफुण राहते

प्रिय नव्या बाई,

सप्रेम आशीर्वाद.

नववीला संतकवितेतलं दुखणं आणि बरं होणं शिकवायचंय, सुरुवात कशाने करू, असं विचारलंस. पसायदानाने करू नकोस. परिपाठात रोज म्हणून म्हणून मुलांना ते ऐकूच येईनासं होतं. संत एकनाथांच्या ‘विंचू चावला’ या भारुडाने कर. कोपरखैरण्यात तुझ्या वर्गात माथाडींची बरीच मुलं असतील, मे महिन्यात साताऱ्याकडे गावी जाणारी. दगड उचलल्यावर खालून काय निघतं, ते त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक.

भारूड आधी वाचून दाखवू नकोस, करून घे. एकाने मध्ये उभं राहून विव्हळावं, बाकीच्यांनी धृपद धरावं. हसतील, हसू दे. नाथांनाही तेच हवं होतं.

दुसऱ्या तासाला फळ्यावर एकच ओळ लिही : ‘तम घाम अंगासी आला’. घामच का, ते विचार. लाल विंचू चावला की माणूस घामाने निथळतो, हातपाय गार पडतात, हृदयावर ताण येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून असे किती रुग्ण वाचवले! २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. महाड आपल्या पनवेलच्याच जिल्ह्यातलं, हेही सांग. नाथ सोळाव्या शतकातले, पैठणचे. पण विंचू चावलेला माणूस त्यांनी जवळून पाहिलेला दिसतो. भारुडातला विंचू म्हणजे काम-क्रोध; त्यांचं वर्णन अंगावर येतं ते या पाहण्यामुळे.

पुढे ‘सत्त्वगुण लावा अंगारा’ आलं की मागच्या बाकावरून कोणीतरी विचारणारच, “मॅडम, अंगारा लावून विंचू उतरतो?” विषय टाळू नकोस. साप-विंचू चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. खरा विंचू चावला तर थेट वाशीचं महापालिकेचं रुग्णालय. नाथांचा अंगारा रागालोभासाठी. रूपक कुठे संपतं हे इतक्या सहज समजावण्याची संधी परत मिळायची नाही.

मग शेवटचं कडवं. इथे घाई केलीस तर सगळं वाया. गाईडात ‘सत्त्वगुणाने तमोगुण नाहीसा होतो’ एवढंच असतं. नाथ काय म्हणतात बघ : ‘किंचित राहिली फुणफुण । शांत केली जनार्दनें’. उतारा लावून झाला, तमोगुण सारला, तरी थोडं ठणकतंच. आणि ते उरलेलं नाथांचं त्यांना शमवता आलं नाही, त्याला त्यांचे गुरू जनार्दनस्वामी लागले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना ‘मन घट्ट कर’ सांगणारे घरीदारी खूप भेटतात. शेवटचा ठणका घालवायला दुसरं माणूस लागतं, हे त्यांनी एका संताच्या तोंडून ऐकावं.

इथून थेट मुक्ताबाईच्या ताटीच्या अभंगांवर ये. ताटी म्हणजे झोपडीचं दार. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसले, अशी कथा आहे. बाहेर उभी मुक्ताबाई, चौघा भावंडांत सगळ्यात धाकटी. दार लावून बसणं नववीला वेगळं समजवावं लागत नाही. ज्यांच्या घरी लावायला स्वतंत्र खोलीचं दार नाही, ते कानात हेडफोन घालून बसतात. फक्त ‘शब्दशस्त्रें झाले क्लेश । संती मानावा उपदेश’ या ओळीला जप. ज्याला वर्गात रोज चिडवतात, त्याने ते मुकाट सोसावं, असा अर्थ तुझ्याकडून त्याच्यापर्यंत जाता कामा नये. हे मुक्ताबाई ज्ञानेश्वरांना म्हणते आहे, आणि म्हणताना स्वतः दाराशी उभी आहे. ‘सहन करा’ म्हणून निघून जाणाऱ्याला ती ओळ वापरायचा हक्क नाही, असं माझं मत आहे.

‘तुमचं दुःख सांगा’ असं भर वर्गात कुणालाही विचारू नकोस. त्यापेक्षा लिहायला दे : तुमच्या ताटीबाहेर कोण उभं राहावं आणि त्याने काय म्हणावं? या वह्या वर्गात वाचायच्या नाहीत. एखाद्या वहीत मारहाण किंवा त्याहून वाईट काही दिसलं, तर कवितेचा तास बाजूला ठेव, मुख्याध्यापकांना सांग. मुलांसाठीचा १०९८ हा नंबर वर्गात आधीच लावून ठेव.

गुण कशाला द्यायचे, ते परीक्षेच्या वेळी बघू. टाळांचे दोन जोड माझ्याकडे नुसते पडून आहेत. रविवारी नौपाड्याला ये आणि घेऊन जा.

तुझी,
जुन्या बाई