थायरॉईडची गोळी चालू असताना इस्ट्रोजेनची गोळी सुरू केली आणि टीएसएच वाढला. इस्ट्रोजेनने थायरॉईड बिघडतो का?

तुम्ही लिहिलंय की थायरॉईडची गोळी बरीच वर्षं चालू आहे, सगळं व्यवस्थित होतं, मग पाळीसाठी इस्ट्रोजेन असलेली गोळी सुरू झाली आणि तीन महिन्यांत टीएसएच (थायरॉईडला ‘हार्मोन बनव’ म्हणून सांगणारं मेंदूतलं हार्मोन) वर गेला, तर आता ती बंद करू का. ताई, आधी हे सांगते की मनाने काहीही बंद करू नका, दोन्हीतली एकही गोळी नाही. आणि इस्ट्रोजेनने तुमची ग्रंथी बिघडलेली नाहीये. मी डॉक्टर नाही, पण अगदी हेच माझं झालंय म्हणून एवढं लिहितेय.

मला हाशिमोटो आहे, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या थायरॉईडवर उलटते तो प्रकार. थायरॉईडच्या 75 मायक्रोग्रॅमच्या गोळीवर टीएसएच दोनच्या आसपास असायचा. मग पाळीत अंगावरून फार जायला लागलं म्हणून गायनॅकने इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या दिल्या, त्याने पाळी खरंच सुधारली, पण दोनेक महिन्यांत मी अशी गळून गेले की जिना चढताना मधेच पायरीवर बसायचं, केस विंचरले की कंगवा भरायचा, दुपारी डोळे उघडे राहायचे नाहीत. टेस्ट केली तर टीएसएच 8 च्या वर आणि टोटल टी४, म्हणजे रक्तातलं एकूण थायरॉईड हार्मोन, पण जास्त! जुना आणि नवा रिपोर्ट पलंगावर शेजारी शेजारी ठेवून मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते, कारण टीएसएच वाढला म्हणजे हार्मोन कमी पडतंय आणि टी४ वाढला म्हणजे हार्मोन जास्त आहे, मग खरं काय धरायचं?

दोन्ही खरं होतं. आपल्या रक्तातलं थायरॉईड हार्मोन जवळजवळ सगळंच, 99 टक्क्यांहून जास्त, प्रथिनांना चिकटून फिरतं, त्यातलं मुख्य प्रथिन म्हणजे टीबीजी. चिकटलेलं हार्मोन काम करत नाही, सुटं असतं तेवढंच पेशींच्या उपयोगाचं. टीबीजी म्हणजे खुर्च्या समजा. जो बसला तो बसला, काम उभी असलेली माणसंच करतात. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आधी लिव्हरमधून जातं आणि तिथे या खुर्च्या वाढतात, शिवाय त्या जास्त दिवस टिकतात. मग जास्त माणसं बसतात आणि बसलेली लवकर बाहेर पण पडत नाहीत, म्हणून टोटलचा आकडा फुगतो, पण उभी माणसं कमी होतात.

ज्या बाईची ग्रंथी धडधाकट आहे तिला याचा पत्ताही लागत नाही, मेंदूतली पिट्युटरी थोडा जोर लावते, ग्रंथी थोडं जास्त हार्मोन सोडते आणि सुटं हार्मोन परत जागेवर येतं. आपलं तसं नाही ना, आपली ग्रंथी थकलेली आणि बाहेरून येणारा डोस ठरलेला, त्यामुळे पिट्युटरी टीएसएच वाढवून कितीही ओरडली तरी जास्तीचं हार्मोन येणार कुठून. म्हणजे तुमचा आजार वाढलेला नाही, तुमची गरज वाढलीये. माझा डोस थोडा वाढवला, सहा आठवड्यांनी परत टेस्ट केली, टीएसएच खाली आला आणि पाळीची गोळी पण चालू राहिली.

म्हणून एकच आग्रहाने सांगते, इस्ट्रोजेन सुरू करताना, बदलताना किंवा बंद करताना थायरॉईड बघणाऱ्या डॉक्टरांना कळवायचं आणि साधारण 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच करायचा, सोबत टोटल टी४ नव्हे, फ्री टी४, म्हणजे सुटं हार्मोन. मला दोन डॉक्टर होते आणि एकीची गोळी दुसऱ्यांना माहीतच नव्हती, तिथेच सगळा घोळ झाला.

प्रेग्नन्सीत हेच फार मोठ्या प्रमाणात होतं. टीबीजी दुप्पट-अडीचपट होतं आणि थायरॉईडच्या गोळीची गरज पहिल्या काही आठवड्यांतच 25 ते 50 टक्के वाढू शकते, आणि बाळ सुरुवातीला पूर्ण आईच्याच हार्मोनवर असतं. त्यामुळे टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसायचं नाही.

मेनोपॉजसाठी त्वचेवर लावायचा पॅच किंवा जेल असेल तर हा त्रास बहुतेक होत नाही, कारण ते लिव्हरला वळसा घालून थेट रक्तात जातं. नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळीचं पण असं नसतं. हा पर्याय गायनॅकला विचारून बघा, पण कोणाला काय चालेल ते त्याच ठरवतील.

उलट्या बाजूनेही बघा. थायरॉईड कमी पडला तर पाळी लांबते किंवा फार जाते, कधी प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) वाढतं, बीज वेळेवर सुटत नाही. म्हणजे पाळीची तक्रार हीच कधीकधी थायरॉईडची असते, त्यामुळे हार्मोनच्या गोळ्या सुरू करायच्या आधी टीएसएच बघितलेला बरा. चाळिशीनंतर तर थकवा, झोप उडणं, वजन, केस, सगळं थायरॉईड आणि मेनोपॉज दोन्हीकडे सारखंच असतं, नुसत्या लक्षणांवरून कोणीच सांगू शकत नाही, आणि ‘या वयात व्हायचंच’ म्हणून बायकांना परत पाठवतात त्याचा मला खरंच राग येतो.

‘इस्ट्रोजेन जास्त झालंय, डिटॉक्स करा’ म्हणून पावडरी विकतात त्यांच्या नादी लागू नका. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर टेस्टच्या आधी लॅबला सांगा, त्याने आकडे चुकतात. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब.

आणि हो, पुढे कधी पाळीची गोळी थांबवली तर तेव्हाही टेस्ट करा. मी थांबवली तेव्हा वाढवलेला डोस तसाच घेत राहिले, खुर्च्या कमी झाल्या आणि सुटं हार्मोन जास्त झालं, रात्री आडवं पडलं की छातीत धडधड कानात ऐकू यायची, हात थरथरायचे. डोस परत 75 वर आणला तेव्हा थांबलं.