उजनीवर गळ टाकणाऱ्यानं आठ दिवसांच्या समुद्रातल्या मासेमारीला निघताना काय तयारी करावी?

तुम्ही विचारलंय की सोलापूरला राहता, उजनीवर गळ टाकायचा नाद आहे, ऑक्टोबरात मुलीकडे सॅन डिएगोला जाणार आहात आणि तिथून आठ दिवसांच्या फिशिंग बोटीवर जागा घेतलीय, तर कुठला रॉड घ्यावा आणि बरोबर काय न्यावं. मीही सोलापूरचाच. भावाकडे गेलो होतो तेव्हा तिथूनच अशी आठ दिवसांची फेरी करून आलोय.

रॉडच्या मागे लागू नका. बोटवाल्यांना फोन करून रॉड-रील भाड्यानं मिळतात का ते विचारा. पहिल्या खेपेला तेवढं पुरे. तुम्हाला निघण्याआधी बदलायची आहे ती हाताची सवय. उजनीवर चिलापी असो नाहीतर रोहू, बूच बुडालं की आपलं मनगट आपोआप हिसका देतं. त्या बोटींवर जिवंत आमिषाला बहुतेक वेळा सर्कल हुक लावतात. त्याचं टोक आत वळलेलं असतं. हिसका दिला की तो माशाच्या तोंडातून तसाच सुटून येतो. मासा आमिष घेऊन पळाला की स्पूलवर, म्हणजे दोरा गुंडाळलेल्या रीलच्या चाकावर, अंगठा हलका ठेवून त्याला पळू द्यायचं, मनात पाचपर्यंत मोजायचं, मग रीलची लिव्हर पुढं सरकवून दोऱ्याला अटकाव लावायचा आणि रॉड माशाच्या दिशेला धरून नुसतं गुंडाळत राहायचं. दोरा ताणला की हुक सरकत जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. मला हे बोटीवरच्या पोरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तरी तीन ट्यूना मी हिसक्यापायी घालवले. तीस वर्षांची सवय ऐन वेळी आवरत नाही. म्हणून हिप्परग्याच्या तलावावर आतापासून दोन-चार रविवार सर्कल हुक लावूनच बसा.

दुसरी गोष्ट ड्रॅगची. मासा जोर लावेल तेव्हा किती ताणावर रीलनं दोरा सोडायचा, ते ड्रॅगवर ठरतं. दोरा जितक्या वजनाचा, त्याच्या पाव ते एक तृतीयांश ताण ठेवायचा हा तिथला साधा हिशोब. ६० पौंडी दोरा म्हणजे सुमारे २७ किलो, तर ड्रॅग ७ ते ९ किलोवर. बोटावर अंदाज घेऊ नका. स्प्रिंगचा काटा खिडकीच्या गजाला बांधा, दोऱ्याचं टोक त्याला अडकवा, रॉड वाकवून ओढा आणि दोरा सुटताना काटा किती दाखवतो ते बघा. ७ किलो हाताला किती जड लागतं हे घरी कळलं की डेकवर घाबरून नॉब आवळणार नाही. तिथले लोक २०० पौंडांवरच्या, म्हणजे ९० किलोंवरच्या यलोफिन ट्यूनाला ‘काऊ’ म्हणतात. असा मासा खोल पाण्यात गोल फिरायला लागला आणि तुम्ही ड्रॅग आवळला, तर दोरा तरी जातो नाहीतर गाठ तरी.

गाठीचंही तसंच. मुख्य दोरा विणलेला, गुळगुळीत. त्याच्या पुढं लीडर, म्हणजे हुकाकडचा शेवटचा तुकडा, पाण्यात सहज न दिसणाऱ्या फ्लुरोकार्बनचा. या दोघांची गाठ घसरते, म्हणून ती थुंकीनं ओली करून हळूहळू आवळावी लागते. मी ही सवय शेजारच्या यंत्रमाग कामगाराकडे बसून लावून घेतली. त्याला गळातलं काही कळत नाही, पण तुटलेलं सूत न बघता सांधणारी ती बोटं बघून मला चिमटीत दोरा कसा धरायचा ते उमगलं. पूर्व भागात कुणी ओळखीचं असेल तर जाऊन बसाच.

निघायचा दिवस मात्र डोळे भरून बघा. बोट पॉइंट लोमाच्या धक्क्यावरून सुटली की लगेच समुद्रात जात नाही. खाडीत तरंगते पिंजरे आहेत, तिथं थांबून जिवंत तारली जाळीनं टाक्यांत भरतात. सगळ्या फेरीचं भांडवल तेच. आमिष निवडायचं तर खवले शाबूत, पाठ हिरवट, नाक लाल न झालेली आणि हातातून निसटायला बघणारी तारली घ्या. हात ओला करून धरा, नाकातून हुक घाला आणि खालून अलगद सोडा, पाण्यावर आपटू नका. दमलेली तारली सोडून अर्धा तास बसण्यापेक्षा दर दोन-तीन मिनिटांनी नवी लावणारा जास्त मासे काढतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग दक्षिणेला दीड-दोन दिवस नुसता प्रवास. त्यात पाळीपाळीनं चार-पाच जणांचे गळ मागं ओढत नेतात. मासा लागला की बोट थांबते आणि बाकीचे आमिष सोडतात. आपला मासा जिकडं जाईल तिकडं आपण कठड्यानं चालत जायचं, दुसऱ्याच्या दोऱ्याखालून-वरून वाट काढत. वीस-पंचवीस माणसं एका डेकवर असतात. एकानं जागा सोडली नाही तर पाच जणांचा गुंता होतो. वाहू मासा लागायची शक्यता असेल तिथं लीडर तारेचाच हवा. हा आपल्या सुरमईच्याच कुळातला, दात कात्रीसारखे.

समुद्र लागणं आपल्या सोलापूरकरांना हमखास. डॉक्टरांना विचारून गोळी आदल्या रात्रीच घ्या, उलटी सुरू झाल्यावर पोटात काही टिकत नाही. डेकवर उभं राहून क्षितिजाकडं बघा, खाली खोलीत मोबाइल बघत पडू नका. जेवण बोटीवर असतं, पण मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती. पहिले दोन दिवस तेवढंच पोटात राहिलं.

कागदपत्रांचं आजच बघा. या बोटी मेक्सिकोच्या पाण्यात मासेमारी करतात. पासपोर्ट बरोबर लागतो, मेक्सिकोचा परवाना वेगळा असतो, बऱ्याचदा तो तिकिटातच धरलेला असतो. तुमचा अमेरिकेचा व्हिसा पुन्हा आत यायला चालेल ना, हे मुलीला बोटीच्या ऑफिसात लेखी विचारायला सांगा. बोटीवरच्या पोरांना शेवटी टीप देण्याची रीत आहे, ते पैसे आधीच बाजूला काढा. गॅफ, म्हणजे लांब दांड्याचा आकडा, मारून तुमचा मासा वर घेणारी, रात्री दोन वाजता तुमची गाठ पुन्हा बांधून देणारी तीच पोरं असतात.

गाठ कुठली बांधायची ठरलं की इथंच विचारा, मी पायरी-पायरीनं लिहून देतो.