पान आठवतं, उत्तर आठवत नाही

"मॅडम, माझं डोकंच कमी चालतं का, ते एकदा सांगा. म्हणजे मी गावी परत जाते."

राज्यसेवेची तयारी करणारी ही मुलगी माझ्यासमोर बसली होती, मांडीवर राज्यव्यवस्थेचं पुस्तक. (तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) पुस्तकाची तीन वाचनं झालेली. सकाळी सातला अभ्यासिकेत जायची, रात्री दहाला रूमवर यायची. तरी सराव परीक्षेत चारही पर्याय बरोबरच वाटायचे.

मी तिला पुस्तक मिटायला सांगितलं. "राज्यघटनेचं कलम २८० कशाबद्दल आहे?"

तिने डोळे मिटले. "डावीकडचं पान... वरून दुसरा परिच्छेद. पिवळ्या हायलायटरने रंगवलाय." मग बराच वेळ गप्प. "शब्द येत नाही मॅडम."

पान उघडलं. डावीकडे, पिवळ्या रंगात, वित्त आयोग. जागा लक्षात, रंग लक्षात. मग डोकं कमी कुठे आहे? तिने तीनदा केलं होतं ते पानाशी ओळख वाढवण्याचं काम. मिटल्या पुस्तकातून उत्तर बाहेर काढायचा सराव एकदाही केला नव्हता. "वाचलेलं राहत नाही" म्हणत येणाऱ्या बहुतेक मुलांचं दुखणं मला इथेच सापडतं.

रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा चार सत्रं नुसता वाचला, काहींनी एक सत्र वाचून पुढची तीन सत्रं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे ४० टक्केच आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. हे ऐकल्यावर ती रडली. तीन वर्षं स्वतःला दोष देत होती पोर.

उपाय साधा होता. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये लोकप्रिय केलेली डब्यांची पद्धत. मोबाइलवर 'अँकी' नावाचं अ‍ॅप हे काम करतं, पण फोन हातात घेतला की तास जातो असं तीच म्हणाली, म्हणून कागदच धरला. जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं केली, कोऱ्या बाजूला प्रश्न, छापील बाजूला कागद चिकटवून उत्तर. मिठाईचे चार रिकामे डबे. पहिला रोज उघडायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने. उत्तर आलं की कार्ड पुढच्या डब्यात, चुकलं की थेट पहिल्यात.

तीन आठवड्यांनी ती आली ती वैतागूनच. कार्डं बघितली तर एकावर पंचायतींबद्दलची '७३वी घटनादुरुस्ती' आणि मागे मुंगीच्या अक्षरात बारा मुद्दे. अशा कार्डाला 'आलं' म्हणायचं की 'चुकलं'? त्याची आम्ही तिथेच बसून कार्डं पाडली: अंमल कधीपासून? २४ एप्रिल १९९३. कोणतं परिशिष्ट जोडलं? अकरावं. त्यात विषय किती? २९. एका कार्डाला एकच प्रश्न. आणि कार्ड उलटण्याआधी उत्तर तोंडाने म्हणायचं, चुकीचं असलं तरी. ते दहा सेकंद अडखळणं म्हणजेच अभ्यास, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं, कारण नेमकं तेच अडखळणं तिला स्वतःची हार वाटत होतं.

मध्ये बहिणीचं लग्न निघालं. आठ दिवस गावी गेली, परत आल्यावर दीडशेच्या आसपास कार्डं तुंबलेली. अशा वेळी मुलं सगळंच सोडून देतात. मी म्हटलं, नवीन कार्ड एकही करू नकोस, साठलेल्यातली रोज चाळीस काढ. आठवडा लागला नाही.

परवा आली तेव्हा पहिल्या डब्यात नऊच कार्डं होती. त्यात एक तेच, २८०चं. चार वेळा पुढे गेलेलं, चार वेळा परत आलेलं, कडा पार मऊ पडलेल्या.

"हे का अडतंय गं?"

ती जरा थांबली. "पंचायतींच्या भागातही वित्त आयोग येतो ना मॅडम. दोन्ही एकात एक होतात."

ते कार्ड तिने फाडलं आणि दोन नवी केली. एकावर 'केंद्राचा वित्त आयोग?', दुसऱ्यावर 'राज्याचा, पंचायतींसाठी?' मागे एकाला २८०, दुसऱ्याला २४३-आय. शाई वाळेपर्यंत दोन्ही हातात धरून बसली, मग पहिल्या डब्यात टाकली.