लाकडी कुंपणाचं आयुष्य ठरतं ते वीतभर जागेत

प्रश्न असा आहे : घराभोवती सहा फुटी लाकडी कुंपण स्वतःच घालायचं आहे, तर फळ्या कोणत्या घ्याव्यात आणि रंग कोणता लावावा? दोन्हींचं उत्तर देतो, पण शेवटी. खांब कसे रोवायचे याबद्दल प्रश्नात एक अक्षर नाही, आणि कुंपण आडवं होतं ते खांबामुळेच.

पडलेल्या कुंपणाचा एखादा खांब उपटून पाहा. वरचं लाकूड ठणठणीत असतं. दोन-अडीच फूट खाली गाडलेला भागही बऱ्याचदा बरा असतो. काळा पडून भुसभुशीत होतो तो जमिनीच्या पातळीपासून खालचा वीतभर पट्टा. तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला की लोण्यात गेल्यासारखा आत जातो. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. वर लाकूड लवकर वाळतं, खोलवर हवा कमी पोचते. त्या वीतभर पट्ट्यात मात्र दोन्ही मिळतात. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीचं काही चालत नाही, म्हणून सगळा खटाटोप ओल हटवण्याचा.

आता ‘खड्ड्यात खांब उभा करा, सिमेंट ओता, पक्कं काम’ या सल्ल्याबद्दल. हा वाद मी बरीच वर्षं घालतोय आणि माझं मत बदललेलं नाही : तळासकट सगळीकडून काँक्रीट ओतणं म्हणजे खांबाला पाण्याच्या वाटीत उभं करणं. लाकूड वाळलं की आकसतं आणि खांब व काँक्रीट यांच्यामध्ये केसभर फट पडते. पावसाचं पाणी त्या फटीतून उतरतं आणि तळाशी साचतं. लाकडाचं कापलेलं टोक बाजूंपेक्षा कितीतरी पटींनी पाणी ओढतं, आणि नेमकं तेच टोक त्या पाण्यात बुडालेलं असतं. वरून खांब हलत नाही म्हणून लोक खूश असतात.

माझी पद्धत अशी. सहा फूट उंचीसाठी चार इंची चौरस, नऊ फुटी खांब घ्यायचे. त्यातले अडीच ते तीन फूट जमिनीत. खड्डा खांबाच्या तिप्पट रुंद, म्हणजे १२ इंच, आणि तळाला सहा इंच खडी राहील इतका जास्त खोल. खडी धारदार, पाऊण इंची. गोल गोटे एकमेकांत अडकत नाहीत. ती ठोकून घ्या, खांब तिच्यावर उभा करा, लगतच्या दोन बाजूंना लेव्हल लावा आणि दोन तिरक्या पट्ट्यांनी जखडा. मग पुन्हा खडी, पण सहा-सहा इंचांचे थर देत, आणि प्रत्येक थर पहारीच्या बोथट टोकाने किंवा धुमसाने ठोकून. कंटाळा इथेच येतो. दोन फूट खडी एकदम ओतून वरवर ठोकली, तर पहिल्या वादळात खांब डुलायला लागतो. दर थरानंतर लेव्हल पुन्हा पाहा.

रसायन मुरवलेले खांब घेतले असतील तर कापलेलं टोक कधीही जमिनीत घालू नका. रसायन बहुतेक वेळा बाहेरच्या थरातच मुरलेलं असतं. कापलं की आतलं, रसायन न पोचलेलं लाकूड उघडं पडतं. कारखान्यातून आलेलं टोक खाली, काप वर. वरचं टोक उतरतं कापा आणि कापाला लाकूडरक्षक द्रावण पाजा. खांब रोवून झाल्यावर दोरी ताणून सगळ्यांची डोकी एका रेषेत कापायची. आधी मोजून कापलेले खांब कधीच एका पातळीत येत नाहीत.

कोपऱ्यांचे आणि फाटकाचे खांब आधी. कोपरा काटकोनात आहे का ते ३-४-५ च्या मापाने तपासा : कोपऱ्यापासून एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजा, त्या दोन खुणांमधलं तिरकं अंतर पाच फूट भरलं पाहिजे. दोन खांबांत आठ फुटांपेक्षा जास्त अंतर नको. फळ्या जड असतील तर सहाच. ४८ फुटांच्या बाजूला आठ फुटांनी सहा गाळे, म्हणजे सात खांब. हा एक खांब मोजायला हटकून विसरतो. सहा फूट उंचीला आडव्या पट्ट्या तीन हव्यात. दोनच लावल्या की फळ्या मधेच पोट काढतात.

फाटकाचा खांब सहा इंची घ्या. फाटकातली तिरकी पट्टी खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून निघून वरच्या कडीच्या कोपऱ्याकडे गेली पाहिजे, म्हणजे वजन दाबरूपाने बिजागरीकडे उतरतं. उलटी लावली तर फाटक लोंबतं.

फळ्या : गाभ्याच्या गडद लाकडाच्या, पाच-सहा इंच रुंद. सालीलगतचं पांढरट लाकूड सागाचं असलं तरी टिकत नाही. ओल्या फळ्या चिकटवून लावा, वाळल्यावर फट आपोआप पडते. वाळलेल्यांत तीन-चार मिलिमीटर सोडा. जमिनीपासून दोन इंच वर. खिळे गरम जस्तात बुडवलेले किंवा स्टेनलेस. तांबंयुक्त रसायन साधं लोखंड खातं, आणि गंजाचे काळे ओघळ फळीभर उतरतात.

रंग : पापुद्रा धरणारा ऑइलपेंट नको, लाकडात मुरणारं तेल किंवा स्टेन लावा. फळीवर पाण्याचे थेंब टाका. जिरले की लाकूड तयार आहे, वरच राहिले तर अजून थांबा.

खडीचा आग्रह सगळीकडे चालत नाही हेही खरं. चिकण मातीत पाणी जिरत नाही, तिथे खडीचा खड्डाच विहीर होतो. वरचे सहा इंच तीच माती घट्ट ठोकून खांबापासून उतार द्या. वाळूत किंवा उघड्या वाऱ्यात काँक्रीट लागतंच. तेव्हाही तळाला खडी ठेवा, काँक्रीट फक्त भोवती घाला, आणि त्याचा माथा जमिनीच्या दोन इंच वर, बाहेर उतरता करा. पहार मारण्याआधी नळ आणि केबल कुठून गेल्यात ते विचारून घ्या.