टेनिब्रस आणि तमिस्रा

प्रश्न असा आला आहे: इंग्रजी 'टेनिब्रस' आपल्या संस्कृत 'तमिस्रा'वरून (काळोखी रात्र) गेला, हे खरे का?

खरे नाही. दोन शब्द जरा सारखे दिसले की 'संस्कृतातून उचलला' म्हणून मोकळे व्हायचे, ही सवय आता पुरे. टेनिब्रस म्हणजे काळोखी, अंधारलेला. तो लॅटिन 'टेनेब्राय'पासून (काळोख) फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. टेनेब्राय आणि तमिस्रा सख्ख्या बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात आणि ती बहुधा आज उरलेली नाही, असे संस्कृतचा इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स याने १७८६ मध्येच कलकत्त्यात सांगून ठेवले आहे.

मग 'स्र'च्या जागी 'ब्र' कुठून आला? इथेच खरी मजा आहे. शब्दाच्या पोटातल्या 'स्र'चा लॅटिनमध्ये नियमाने 'ब्र' होतो. आपल्या 'शिरस्'च्या गोतातला त्यांचा 'सेरेब्रुम', म्हणजे मेंदू. 'स्वसृ' म्हणजे बहीण. तिच्याच गोतातला 'सोब्रीनुस', आईकडून लागणारा भाऊ. त्याला 'कोन' हा उपसर्ग लागला आणि झिजत झिजत इंग्रजी 'कझिन' झाला! राहिला 'म'चा 'न'. 'म' आणि 'ब' दोन्ही ओठांचे वर्ण, जवळजवळ आले तेव्हा पहिल्याने जागा सोडली.

याहून लाडका माझा 'टिमेरिटी', म्हणजे आततायी धाडस. तो 'तेमेरे'वरून आला: विचार न करता, आंधळेपणाने. माझ्या मते 'तेमेरे' ही 'तमस्'च्या लॅटिन भावंडाची जुनी सप्तमी आहे, आपल्या 'तमसि'सारखी: अंधारात. दोन स्वरांमधल्या 'स्'चा 'र्' लॅटिन सर्रास करते. आपले 'जनस्, जनसः' (कूळ, कुळाचे), त्यांचे 'गेनुस, गेनेरिस'. ध्वनी असे चोख जुळत असताना 'अंधार कुठे आणि अविचार कुठे' म्हणून ही व्युत्पत्ती मानायला कचरणाऱ्यांचे मला नवल वाटते. पुढचे काही न बघता धंद्यात पैसा ओतणाऱ्याला आपण काय म्हणतो? अंधारात उडी मारली, असेच ना!