राग नेमका कशाचा?

प्रश्न : रात्री दुकान बंद करून घरी आलो, की क्षुल्लक कारणावरून मी मुलांवर ओरडतो. परवा शाळेच्या डब्यातले पोहे तसेच परत आले म्हणून डबा आपटला आणि मग रात्रभर स्वतःलाच बोल लावत बसलो. राग आवरावा कसा?
– एक वाचक, राजवाडा परिसर, इंदूर

उत्तर : तुमचा राग पोह्यांवर नसावा. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे गिळलेला अपमान, भूक आणि थकवा या सगळ्यांना आपण सरसकट 'राग' म्हणतो आणि तिथेच गफलत होते. कारण भावनेला तिचे नेमके नाव दिले, की मेंदूतील भीती-राग अशा भावनांशी निगडित अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होते, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तेव्हा दारात चपला काढताना 'मी दुखावलो आहे' की 'मला नुसती भूक लागली आहे', एवढे मनाशी म्हणून पाहा. श्वास सावकाश सोडा. उच्छ्वास लांबला, की हृदयाचे ठोके मंदावतात. राग गिळून टाका, असे मात्र मी सांगणार नाही (आपल्या घरांत हा सल्ला फार स्वस्त झाला आहे). मुलांजवळ चूक कबूल करायला संकोचू नका. झोप वारंवार उडत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.